लेखा खात्यातला साहेब ते नोबेल : सर सी. व्ही. रामन

झेडपीच्या शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो, तो सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या शोधामुळे. वरच्या हवेचं तापमान जमिनीवरून लेसरने मोजतात, तेही याच शोधाच्या जोरावर.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत जन्मलेले रामन १९०७ साली, मिसरूड फुटायच्या वयात, सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. कोलकाता, रंगून, काही काळ आपलं नागपूरसुद्धा. कोलकात्यात दिवसभर हिशोब आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत प्रयोग. १९१७ मध्ये त्यांनी ही पक्की नोकरी सोडली आणि बऱ्याच कमी पगारावर प्राध्यापकी धरली. आज कुणाच्या पोराने असं केलं तर घरात काय होईल, ते सांगायला नको.

१९२१ मध्ये विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राचं निळं पाणी पाहून त्यांनी बोटीवरच तपासणी केली. ही निळाई नुसतं आभाळाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांना दिसलं. मग १९२८ मध्ये के. एस. कृष्णन यांच्यासोबत खरा शोध लागला. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. सुरुवातीचे प्रयोग साध्या सूर्यप्रकाशावर झाले. १९३० मध्ये नोबेल मिळालं. पुढे बंगळुरूत काम करत २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले.

दुपारी रान तापलं की ऊन हवेचे लोट वर चढतात, थंड हवा खाली येते. ढग धरणार की नाही, ते बरंचसं या घुसळणीवर असतं. जमिनीवरच्या तापमापकाला ती कळत नाही, आणि फुगा एकदाच वर जाऊन निघून जातो. लेसर मात्र सतत वर सोडता येतो. हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आपटून थोडा प्रकाश रंग बदलून परततो. हवा ऊन असेल तर जास्त बदललेला भाग वाढतो, कमी बदललेला घटतो. दोन्हींच्या प्रमाणावरून तापमान निघतं.

जर्मनीतलं होहेनहाइम विद्यापीठ मुळात शेतीसाठी निघालेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी एप्रिल २०१३ मध्ये भरदिवसा, दर १० सेकंदांनी नोंद घेत, ही घुसळण अशीच मोजली. गंमत म्हणजे ज्या सूर्यप्रकाशावर रामन यांचे प्रयोग सुरू झाले, तोच इथे आडवा येतो. म्हणून लेसर अतिनील किरणांचा घ्यावा लागतो आणि परतलेला प्रकाश बारीक गाळून घ्यावा लागतो.