डिस्क ब्रेकवाले लँचेस्टरसाहेब

सुट्टीत गणपतीपुळ्याला एका मित्राच्या अंगणात आम्ही त्याच्या धिप्पाड एसयूव्हीला मोठ्या डिस्क आणि नवे पॅड बसवले. घाट उतरताना ब्रेक तापून पकड सुटायची, म्हणून हा उद्योग! पहिल्याच फेरीत नवे पॅड असे किंचाळले की फ्रेडरिक लँचेस्टर आठवले.

साहेबांचा जन्म १८६८ चा, लंडनचा. साउथ केन्सिंग्टनला शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले (बॅकवाल्यांनी लगेच खूश होऊ नये). १८९६ त त्यांची पहिली मोटार रस्त्यावर आली, १८९९ त कंपनी निघाली.

१९०२ साली त्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची. ड्रममध्ये उष्णता कोंडते, तबकडी मात्र उघड्यावर, वाऱ्यात थंड होते. डोकं बघा! पण पॅड होते तांब्याचे. तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजायचे आणि कानठळ्या बसवायचे. घर्षण सोसणारा चांगला माल तेव्हा नव्हताच. कल्पना मागे पडली.

साहेब मात्र थांबले नाहीत. इंजिनाची थरथर मारणारा बॅलन्सर काढला, १९०७ त विमानविद्येवर ग्रंथ लिहिला, १९२२ त रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पैसा तेवढा जमला नाही. म्हातारपणी कंपवात जडला, नजर गेली, ओढगस्त होती. १९४६ साली ते वारले.

सातच वर्षांनी, १९५३ त, ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली.