सॅम्युअल प्लिमसॉल : जहाजांवरील भाररेषेचा जनक

मुंबई, कोची, विशाखापट्टणम अशा कोणत्याही मोठ्या बंदरात मालवाहू जहाज धक्क्याला लागलेले असते, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना, लांबीच्या साधारण मध्यावर, एक वर्तुळ रंगवलेले दिसते. वर्तुळाला मधोमध छेदणारी आडवी रेघ असते आणि शेजारी लहान रेघांची एक शिडी असते. जहाजात माल चढत जातो तसतसे ते पाण्यात खाली बसते. ठरलेल्या रेघेला पाणी टेकले की भरणे थांबवावे लागते. या खुणेला भाररेषा म्हणतात. पण जगभरचे दर्यावर्दी तिला सॅम्युअल प्लिमसॉल यांच्या नावाने ओळखतात. प्लिमसॉल हे नाविक नव्हते की जहाजबांधणीचे तज्ज्ञ नव्हते. कोळशाचा व्यापार करणाऱ्या या खासदाराने संसदेत एक लढा चिकाटीने लढवला आणि त्यातून ही रेघ कायद्यात आली.

प्लिमसॉल यांचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात झाला. वडील अबकारी खात्यात नोकरीला होते. पुढे हे कुटुंब उत्तरेकडे गेले आणि शेफिल्ड येथे स्थिरावले. शाळा लवकर सुटली. सॅम्युअल यांनी प्रथम वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली, नंतर एका मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरी धरली आणि तेथेच ते व्यवस्थापक झाले. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी शेफिल्डच्या समितीचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले. त्यानंतर यॉर्कशायरचा कोळसा रेल्वेने लंडनला आणून विकण्याचा उद्योग त्यांनी सुरू केला. हा उद्योग बुडाला आणि काही काळ त्यांना लंडनमध्ये मजुरांच्या स्वस्त निवाऱ्यात, मोजक्या शिलिंगांवर आठवडा काढावा लागला. तेथे शेजारी झोपणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली. हातावर पोट असलेला मनुष्य स्वतः अडचणीत असतानाही दुसऱ्याला घासातला घास देतो, हा अनुभव त्यांच्या मनात कायमचा राहिला. पुढे कोळशाच्याच धंद्यात त्यांना यश मिळाले, संपत्ती आली आणि १८६८ मध्ये डर्बी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षाचे खासदार म्हणून ते निवडून आले.

त्या काळी ब्रिटनचा सागरी व्यापार जगात सर्वांत मोठा होता आणि त्याच प्रमाणात जहाजे बुडत होती. नोंदींनुसार १८७३-७४ या एका वर्षात ब्रिटिश किनाऱ्याभोवती ४११ जहाजे बुडाली आणि ५०६ जणांनी प्राण गमावले. दूरच्या समुद्रात नाहीशी झालेली जहाजे यात नाहीत. वादळ, धुके आणि खडक ही कारणे होतीच. पण अनेक जहाजे बंदरातून निघतानाच बुडण्याच्या बेताला आलेली असत. जुन्या, कुजलेल्या लाकडाच्या जहाजाला नवा रंग देऊन, नवे नाव लावून ते पुन्हा समुद्रात लोटले जाई. तळघर भरल्यावरही वरच्या फळीवर माल रचला जाई. सुटे धान्य नीट न दाबता भरले जाई. लाटेच्या हेलकाव्याने ते एका बाजूला सरके आणि जहाज कलंडत असे.

त्यात विम्याची भर पडली होती. जहाजाच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवता येत असे. जहाज सुखरूप पोहोचले तर भाड्याचा नफा आणि बुडाले तर विम्याची रक्कम, असा दोन्हीकडून फायदा होई. सर्वच मालक असे होते असे नाही. अनेक प्रामाणिक व्यापारी आपली जहाजे उत्तम राखत. पण कमी माल भरणाऱ्या प्रामाणिक मालकाला जास्त माल भरणाऱ्याशी स्पर्धा करावी लागे आणि त्यात त्याचे नुकसान होई. अशा धोकादायक जहाजांना खलाशांमध्ये तरंगत्या शवपेट्या असे नाव पडले होते.

खलाशांची अवस्था सर्वांत बिकट होती. एकदा करारावर सही केली की जहाज कितीही धोकादायक दिसले तरी त्यावर चढण्यास नकार देणे हा गुन्हा ठरत असे. नकार देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होई. बुडण्याची भीती वाटली म्हणून गजाआड गेलेल्या खलाशांची प्रकरणे प्लिमसॉल यांनी पुढे संसदेसमोर मांडली. ज्याच्या जिवाला धोका होता, त्यालाच त्या धोक्याविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता. प्लिमसॉल यांच्या लढ्याचे मूळ येथे होते.

जानेवारी १८६६ मध्ये बिस्केच्या उपसागरात लंडन नावाची आगबोट बुडाली. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या या बोटीवर माल आणि कोळसा यांचा मोठा बोजा होता. सुमारे २२० जण बुडाले आणि केवळ १९ जण वाचले. या घटनेने ब्रिटनमध्ये हळहळ व्यक्त झाली. त्याच सुमारास जेम्स हॉल नावाचे न्यूकॅसलचे एक जहाजमालक, जहाजावर किती माल भरावा याची सक्तीची मर्यादा असावी, अशी मागणी करत होते. मूळ कल्पना प्लिमसॉल यांची नव्हती. तिच्यासाठी स्वतःची प्रतिष्ठा आणि पैसा पणाला लावण्याची तयारी मात्र त्यांनी दाखवली.

खासदार झाल्यावर प्लिमसॉल यांनी संसदेत प्रस्ताव आणि विधेयके मांडली; पण सभागृहात जहाजमालकांचे वजन मोठे होते आणि ती अडकून पडली. तेव्हा १८७३ च्या आरंभी त्यांनी अवर सीमेन हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जहाजांच्या तपासणीची कागदपत्रे, विम्याचे व्यवहार आणि बुडालेल्यांच्या विधवांच्या कहाण्या होत्या. ब्रिटनभर सभा झाल्या, निधी गोळा झाला, कामगार संघटना पुढे आल्या. पत्नी एलायझा यांनी या प्रचारात त्यांना सक्रिय साथ दिली. ॲबरडीनच्या गोदीत त्याच वर्षी बांधलेल्या एका देखण्या शिडाच्या जहाजाला सॅम्युअल प्लिमसॉल असे नाव देण्यात आले.

या पुस्तकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्लिमसॉल संतापाने लिहीत आणि त्यांतील काही आरोप पुराव्यावर टिकणारे नव्हते. काही मालकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे खटले भरले आणि त्यांचा मोठा खर्च त्यांना सोसावा लागला. सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने १८७४ मध्ये अहवाल दिला, तोही सक्तीच्या भाररेषेच्या विरोधात गेला. प्रत्येक जहाजाची बांधणी वेगळी असल्याने सर्वांना एकच नियम लावणे व्यवहार्य नाही आणि जबाबदारी मालकावरच राहिली पाहिजे, असा आयोगाचा विचार होता. त्याच वर्षी प्लिमसॉल यांचे विधेयक अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले.

जनमताच्या दबावाखाली पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांच्या सरकारने १८७५ मध्ये स्वतःचे विधेयक आणले. ते दुबळे होते, तरी प्लिमसॉल यांनी त्यावर आशा ठेवली होती. २२ जुलै १८७५ रोजी वेळेअभावी हे विधेयक मागे घेत असल्याचे डिझरायली यांनी जाहीर केले आणि प्लिमसॉल यांचा संयम सुटला. सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून, मूठ उगारून त्यांनी जहाजमालक सदस्यांवर माणसे मारल्याचा आरोप केला. सभापतींनी वारंवार बजावूनही त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. अखेर ते सभागृहाबाहेर पडले. एका आठवड्याने त्यांनी सभागृहाची माफी मागितली. पण ती असंसदीय भाषेपुरती होती. आपण मांडलेल्या गोष्टी त्यांनी मागे घेतल्या नाहीत.

संसदीय शिस्तीच्या दृष्टीने हे वर्तन आक्षेपार्ह होते. जनतेने मात्र त्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. बंदरांच्या शहरांत सभा भरल्या, सरकारकडे निवेदनांचा ओघ सुरू झाला. काही दिवसांतच सरकारला तात्पुरता कायदा करून धोकादायक जहाजे अडवण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना द्यावे लागले. पुढल्या वर्षी, १८७६ मध्ये, व्यापारी नौवहन कायदा संमत झाला आणि जहाजावर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले.

हा विजय अर्धाच होता. रेघ रंगवणे सक्तीचे झाले. पण ती कोठे असावी हे मालकानेच ठरवायचे होते. एका कप्तानाने ती चक्क धुराड्यावर रंगवली, असे सांगितले जाते. रेघेची जागा सरकारी नियमाने ठरवण्याची तरतूद १८९० मध्ये झाली. तोवर प्लिमसॉल संसदेत नव्हते. १८८० मध्ये पक्षाचे नेते विल्यम हारकोर्ट निवडणुकीत पराभूत झाले, तेव्हा गृहमंत्रिपदावर राहिलेल्या हारकोर्ट यांना सभागृहात येता यावे म्हणून प्लिमसॉल यांनी डर्बीची आपली जागा सोडली. अधिकारपदावरील व्यक्ती खलाशांसाठी अधिक करू शकेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे ते खलाशांच्या संघटनेचे मानद अध्यक्ष झाले. गुरांची वाहतूक करणाऱ्या बोटींवरील हालांविषयीही त्यांनी १८९० मध्ये पुस्तक लिहिले. ३ जून १८९८ रोजी फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये लंडनच्या थेम्स नदीकाठी खलाशांच्या संघटनेने त्यांचे स्मारक उभारले.

भाररेषेमागील शास्त्र सोपे आहे. पाण्याच्या वर जहाजाची जितकी बाजू मोकळी राहते, तितकी त्याची तरण्याची राखीव शक्ती असते. लाट अंगावर आली, थोडे पाणी आत शिरले, तरी ही शक्ती जहाजाला पुन्हा वर उचलते. माल जास्त भरला की ती संपते. मुख्य वर्तुळाशेजारच्या लहान रेघा वेगवेगळ्या पाण्यांसाठी आणि ऋतूंसाठी असतात. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो, तर गोड्या पाण्याचे १,००० किलो असते. त्यामुळे नदीत जहाज अधिक खोल बसते. हुगळी नदीवरील कोलकाता बंदरात भरलेले जहाज समुद्रात पोहोचल्यावर किंचित वर येते, हे गृहीत धरूनच गोड्या पाण्याची रेघ आखलेली असते. शांत उष्ण समुद्रात थोडा अधिक माल चालतो, तर उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात कमी. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांना उष्णकटिबंधाची सवलत वर्षभर नसते. मोसमी वाऱ्यांच्या खवळलेल्या काळात ती लागू होत नाही. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यातील शहाणपण आंतरराष्ट्रीय नियमातही असे उतरले आहे.

प्लिमसॉल यांच्या पश्चात ही रेघ ब्रिटनबाहेर गेली. १९०६ मध्ये ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही ती लागू झाली. नोव्हेंबर १९२८ मध्ये व्हेस्ट्रिस ही ब्रिटिश बोट अमेरिकेच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडाली आणि शंभराहून अधिक जण मरण पावले. बोटीवर मर्यादेपेक्षा जास्त भार होता, हे चौकशीत पुढे आले. १९३० मध्ये लंडनला पहिला आंतरराष्ट्रीय भाररेषा करार झाला. ५ एप्रिल १९६६ रोजी त्याची जागा घेणारा नवा करार स्वीकारण्यात आला. योगायोग असा की ५ एप्रिल हाच भारताचा राष्ट्रीय सागरी दिन आहे. १९१९ मध्ये याच दिवशी सिंदिया कंपनीची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली होती. स्वतंत्र भारताने १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात भाररेषेच्या तरतुदी केल्या.

प्लिमसॉल यांचे लेखन ब्रिटिश खलाशांना डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. परंतु त्या काळी ब्रिटिश बोटींवर रत्नागिरी, गोवा, गुजरात आणि बंगालमधील खलाशीही मोठ्या संख्येने काम करत. त्यांचे वेतन कमी होते आणि राहण्याची जागा अपुरी होती. या बाबतींत कायद्याने त्यांना समान वागणूक दिली नाही. जहाजाच्या बाजूवरची रेघ मात्र खलाशाचा वर्ण किंवा देश पाहत नाही. ती सर्वांना सारखेच तारते.

भाररेषेने अपघात संपले नाहीत. वादळे, टकरी आणि आगी आजही जहाजे बुडवतात. शिवाय ही रेघ प्रामुख्याने समुद्रावरील मोठ्या जहाजांसाठी आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरण्याची सवय लहान बोटींवर टिकून आहे. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जण मरण पावले. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. दोन्ही ठिकाणी बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. बोटीची सुरक्षित मर्यादा मालकाच्या मर्जीवर सोडू नये आणि ती धक्क्यावर उभ्या असलेल्या साध्या माणसालाही डोळ्यांनी दिसावी, ही प्लिमसॉल यांची मागणी होती. मोठ्या जहाजांच्या बाबतीत जगाने ती मान्य केली. नद्या, तलाव आणि खाड्यांवर तिची अंमलबजावणी व्हायची आहे.