आमेदेओ ॲव्होगॅड्रो

रसायनशास्त्राची उदाहरणे सोडवताना ‘मोल’ हा शब्द तुम्हांला वारंवार भेटतो. द्रावणातील पदार्थ ग्रॅममध्ये दिलेला असतो आणि उत्तर मोलमध्ये काढायचे असते. हे रूपांतर ज्यांच्या विचारामुळे शक्य झाले, त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांची ही ओळख.

ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी तुरीन येथे झाला. आज हे शहर इटलीत आहे. त्यांच्या घराण्यात वकिलीची परंपरा होती. तेही कायदा शिकले आणि वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी त्यात डॉक्टरेट मिळवली. काही वर्षे त्यांनी वकिलीही केली. पण त्यांचे मन गणित व पदार्थविज्ञान यांत रमू लागले. त्यांनी या विषयांचा स्वतः अभ्यास केला. १८०९ मध्ये ते व्हेर्चेल्ली या लहान शहरात विज्ञानाचे प्राध्यापक झाले.

त्या काळी वायूंचे एक कोडे शास्त्रज्ञांना सुटत नव्हते. दोन लीटर हायड्रोजन आणि एक लीटर ऑक्सिजन यांच्या संयोगातून दोन लीटर पाण्याची वाफ मिळते. मग एक लीटर ऑक्सिजन दोन लीटर वाफेला पुरतो कसा? ऑक्सिजनचा कण फुटतच नसेल, तर हे कसे घडेल?

ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये याचे उत्तर दिले. तापमान व दाब सारखे असताना कोणत्याही वायूच्या समान घनफळात रेणूंची संख्या समान असते, असे त्यांनी मांडले. ऑक्सिजनचा रेणू दोन भागांचा बनलेला असतो आणि संयोगाच्या वेळी ते भाग वेगळे होतात, असेही त्यांनी सांगितले. कोडे सुटले होते. पण हे उत्तर कोणी मानले नाही. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना जोडले जातील, हे डाल्टनसारख्या नामवंत शास्त्रज्ञांना पटत नव्हते.

याची फार मोठी किंमत विज्ञानाला मोजावी लागली. अणूंची वजने ठरवताना एकवाक्यता राहिली नाही. व्हिनेगरमधील आम्लासाठी तर १९ निरनिराळी सूत्रे लिहिली जात होती! इकडे ॲव्होगॅड्रो शांतपणे आपले काम करीत राहिले. १८२० मध्ये ते तुरीनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. राजकीय उठावानंतर त्यांचे पद काही वर्षे बंद पडले. पुढे ते पुन्हा त्या जागी आले आणि १८५० पर्यंत शिकवीत राहिले. ९ जुलै १८५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार तेव्हाही दुर्लक्षितच होता.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६० मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे कान्निझारो या इटालियन प्राध्यापकांनी ॲव्होगॅड्रो यांच्या विचाराची बाजू समर्थपणे मांडली. त्यांची एक पुस्तिकाही तेथे वाटली गेली. ती वाचून अनेकांचे मत बदलले. अणूंची व रेणूंची वजने आता एकाच रीतीने ठरू लागली.

या विचाराचा उपयोग पाहा. युरिया व ग्लुकोज यांची प्रत्येकी १.८ टक्क्यांची द्रावणे घ्या. म्हणजे दोन्हींच्या १०० मिलिलीटर द्रावणात १.८ ग्रॅम पदार्थ आहे. एका लीटरमध्ये १८ ग्रॅम. वजन सारखे, म्हणून रेणूही सारखेच असतील का? युरियाचा एक मोल ६० ग्रॅमचा असतो. १८ ला ६० ने भागले की ०.३ मोल प्रतिलीटर मिळते. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा असतो. १८ ला १८० ने भागले की फक्त ०.१ मोल प्रतिलीटर मिळते. वजन तेच, पण युरियाचे रेणू तिप्पट! रासायनिक क्रियेत रेणू रेणूशी संयोग पावतो. म्हणून तेथे वजनाबरोबर संख्याही कळावी लागते. तराजू वजन सांगतो, मोल संख्या सांगतो.

एका मोलमधील कणांची संख्या ॲव्होगॅड्रो यांनी स्वतः मोजली नव्हती. १९०९ मध्ये फ्रान्सच्या पेराँ या शास्त्रज्ञांनी त्यांच्या सन्मानार्थ या संख्येला त्यांचे नाव दिले. ही संख्या सुमारे ६०२२ वर २० शून्ये इतकी प्रचंड आहे. २०१९ पासून मोलची व्याख्याच या संख्येवर आधारलेली आहे.

ॲव्होगॅड्रो यांना हयातीत मान मिळाला नाही. पण ते विचारापासून ढळले नाहीत. खरी गोष्ट उशिरा का होईना, मान्य होतेच. पुढच्या वेळी ग्रॅमचे मोल कराल, तेव्हा या शांत शिक्षकाची आठवण ठेवा.

स्वाध्याय

१. ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये कोणता विचार मांडला?
२. शास्त्रज्ञांनी तो विचार का स्वीकारला नाही?
३. कार्ल्सरूहे येथील परिषदेत काय घडले?
४. एका लीटर द्रावणात १२ ग्रॅम युरिया आहे. त्याची संहती मोल प्रतिलीटरमध्ये काढा.
५. ‘तराजू वजन सांगतो, मोल संख्या सांगतो’ हे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.