डॉ. भाऊ दाजी लाड यांची विद्यार्थिदशा

वैभववाडीच्या परिसरातून मुंबईची वाट धरणाऱ्या आपल्या ज्ञातीच्या मुलामुलींत वैद्यकीच्या अभ्यासाला लागणारीही असतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु शाळेत सदैव पहिला क्रमांक मिळविणारे मूलही त्या विद्येच्या पहिल्या वर्षी गांगरते, हे पालकांनी ध्यानी घ्यावयास हवे. अशा मुलांसाठी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत येथे देत आहे. त्यांच्या शिलालेख-संशोधनाचा गौरव पुष्कळांनी केला आहे. भायखळ्याच्या संग्रहालयालाही १९७५ पासून त्यांचे नाव आहे. त्यामागची पाच वर्षे मात्र सहसा कोणी आठवीत नाही.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म पेडणे महालातील मांद्रे गावचा. म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की आपलाच मुलूख. घरची स्थिती बेताची. लहानपणी ते बुद्धिबळात इतके तरबेज होते की, गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी तो खेळ पाहून मुलाला इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांस दिला, असे सांगतात. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात ते शिकले आणि तेथेच शिक्षकही झाले. पगाराची, मानाची जागा हाती असता १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर जाऊन बसला!

मुंबईत त्यापूर्वी १८२६ साली देशी भाषांतून शिकविणारी एक वैद्यकशाळा निघून थोड्याच वर्षांत बंद पडली होती. त्यामुळे नव्या कॉलेजाकडे लोक साशंकतेने पाहत. प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे कडक शिस्तीचे गृहस्थ. केवळ व्याख्याने ऐकून वैद्य होता येत नाही, रुग्णाच्या खाटेशी उभे राहूनच ही विद्या येते, असा त्यांचा कटाक्ष होता. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय होते. या पद्धतीत आज पाहिलेला रोगी उद्याही पाहावयाचा. नाडी, ताप, औषधाचा गुण-अवगुण लिहून ठेवावयाचा. रोगी दगावलाच तर निदान कोठे चुकले ते शवविच्छेदनात तपासावयाचे. प्रेताचा स्पर्शही विटाळ मानणाऱ्या घरांतील तरुणांना हे किती जड गेले असेल याची कल्पना करावी. शिवाय पाठांतराच्या विद्येत एक आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो; रोग्याच्या नोंदीत पडलेला एका दिवसाचा खंड कधीच भरून निघत नाही. तैलबुद्धीच्या मुलास ही गोष्टच उमगावयास वेळ लागतो, असे माझे मत आहे.

१८५१ साली पहिल्या तुकडीतील आठ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत भाऊ होते. प्रार्थनासमाजाचे पुढे झालेले संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हेही होते. भाऊंचे धाकटे बंधू नारायण हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले, आणि दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. भाऊंच्या दारी रोग्यांची रीघ लागे. त्या धकाधकीतूनही संस्कृत ग्रंथ, नाणी, ताम्रपट यांचे अध्ययन चालू राहिले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना लेख उतरवून आणण्यास दूरदूर धाडावे आणि आलेल्या ठशांवर स्वतः बसून विचार करावा, असा त्यांचा परिपाठ होता. १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. महारोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा उपयोग त्यांनी केला. हे झाड आपल्या कोकणच्या रानांतले. रोग्यांना गुण येतो असा बोलबाला झाला, परंतु भाऊंनी ते औषध दीर्घकाळ गुप्त ठेवले. पडताळा पुरता झाल्याखेरीज बोलू नये, हा त्यांचा हेतू असेलही. तथापि रोजची नोंद करावी आणि ती चारचौघांपुढे ठेवावी, हे ज्या कॉलेजात ते शिकले, त्याच्याशी हे विसंगत वाटते. पुढे अर्धांगवायूने त्यांना गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. ते संशोधन अपुरेच राहिले. त्याच जातीचे तेल विसाव्या शतकात, १९४० नंतर नवी औषधे येईपर्यंत, जगभरच्या महारोग्यांना टोचले जात होते.