वेळेचा कारभारी : विल्यम कॅरी

सन १८०६ च्या जून महिन्याची १२ तारीख. कलकत्त्यात राहणाऱ्या एका मिशनऱ्याविषयी त्याच्या इंग्लंडमधील स्नेह्यांची एक जुनी तक्रार होती, की त्याची पत्रे फार क्वचित येतात. त्या तक्रारीला उत्तर म्हणून त्याने त्या एका दिवसाचा हिशेब पत्रात लिहून काढला. तो मिशनरी म्हणजे डॉ. विल्यम कॅरी.

त्या दिवशी पहाटे पावणेसहाला उठून त्यांनी हिब्रू पवित्र शास्त्रातील एक अध्याय वाचला आणि सात वाजेपर्यंत एकांतात प्रार्थना केली. त्यानंतर नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक प्रार्थना झाली. पेल्यात चहा ओतला जाईपर्यंतच्या अवधीत मुनशीजवळ बसून थोडे फारसी वाचले, न्याहारीपूर्वी हिंदुस्थानीत शास्त्रपाठ झाला. न्याहारीनंतर दहा वाजेपर्यंत पंडिताच्या साहाय्याने संस्कृत रामायणाचे भाषांतर, आणि मग दुपारपर्यंत फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापन. परत आल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचे मुद्रित तपासले. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडितांसह मत्तयकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाचे संस्कृत भाषांतर केले. संध्याकाळी तेलुगूचा धडा घेतला. साडेसात वाजता सुमारे चाळीस श्रोत्यांपुढे इंग्रजीत उपदेश केला. नऊच्या सुमारास श्रोते घरोघर गेले, तेव्हा यहेज्केलाचा अकरावा अध्याय बंगालीत आणण्यास ते बसले. तो अध्याय संपल्यावर, रात्र बरीच झालेली असताना, हे पत्र लिहिले गेले.

हा हिशेब वाचून आपल्यापैकी काहीजण खजील होतील. काहीजण ही अलौकिक माणसाची गोष्ट आहे असे म्हणून स्वतःची सुटका करून घेतील. मला वाटते, दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. कॅरी यांनी एवढे काम कसे केले हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्यांनी कोणती कामे दुसऱ्यांवर सोपविली, आणि कोणत्या कर्तव्यात ते उणे पडले, हे दोन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

कॅरी यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात, १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. विल्यमला लहानपणी जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला घालण्यात आले. मोल्टन गावी पाळक झाल्यावरही मंडळीच्या तुटपुंज्या वेतनात भागेना; म्हणून ते शाळा चालवीत आणि जोडेही शिवीत. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी कागद चिकटवून जगाचा एक मोठा नकाशा तयार केला होता, व त्यात त्या त्या देशाची लोकसंख्या आणि धर्म यांची नोंद केली होती. आरीदोरा हाती असताना नजर त्या नकाशावर असे. याच काळात ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच शिकले. त्यांच्याकडून जोडे करून घेणारे व्यापारी टॉमस गॉच यांनी त्यांना जोडे शिवणे थांबवून अभ्यास करण्यासाठी आठवड्याला दहा शिलिंग देऊ केले, असे सांगतात. या देणगीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सेवकाला अधिक काम देणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या हातातले एक काम कमी करून देणारा क्वचितच भेटतो.

सन १७९२ मध्ये कॅरी यांनी परराष्ट्रांतील सुवार्ताकार्याच्या कर्तव्याविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. पुढील वर्षी १३ जूनला ते हिंदुस्थानाकडे निघाले व नोव्हेंबरमध्ये बंगालमध्ये उतरले. पहिली वर्षे अत्यंत कष्टाची गेली. मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यात व्यवस्थापकाची नोकरी करीत त्यांनी बंगालीचा अभ्यास केला आणि नव्या कराराचे भाषांतर चालू ठेवले. या काळात दिवसातील बहुतेक तास कारखान्याचे होते. तरीही भाषांतराचा खंड पडू दिला नाही, म्हणूनच १८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून बाहेर पडू शकला.

जानेवारी १८०० मध्ये कॅरी डेन्मार्कच्या सत्तेखालील सेरामपूर येथे आले. जॉशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे सहकारी त्यांना येथेच लाभले. कॅरी यांच्या प्रचंड कार्याचे रहस्य येथे उलगडते. छापखाना वॉर्ड यांनी सांभाळावा, शाळा मार्शमन पतिपत्नींनी चालवाव्यात आणि कॅरी यांनी मुख्यतः भाषांतर करावे, अशी कामाची वाटणी झाली. सर्वांची मिळकत एकाच निधीत जमा होई. कॅरी १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० रुपयांवर शिक्षक झाले. ते वेतनही या सामाईक निधीत जाऊ लागले. शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील कुरबुरी मिटवाव्यात असा नियम होता. मनात साचलेला राग माणसाचे किती तास खाऊन टाकतो, हे ज्यांनी मंडळीच्या समित्यांवर काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

भाषांतरातही ते एकटे नव्हते. प्रत्येक भाषेसाठी त्यांच्याजवळ पंडित असत. मराठीसाठी पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य त्यांना मिळाले. आपल्या भाषेवर कॅरी यांचे ऋण मोठे आहे. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, मराठी कोश १८१० मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी आपल्या भाषेतील शास्त्राचे खिळे जुळविले जात होते, हे आठवून मन कृतज्ञ होते.

परंतु कृतज्ञतेने आपण सत्य झाकू नये. सेरामपूरची मराठी मुंबईकडील वाचकांना फारशी रुचली नाही. अमेरिकन मिशनच्या मंडळींनी मुंबईत नव्याने भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये त्यांचा नवा करार प्रसिद्ध झाला. सेरामपूरहून सर्व मिळून सुमारे चाळीस भाषांत शास्त्र किंवा त्याचे भाग निघाले. त्यांपैकी अनेक भाषांतरे पुढे मुळापासून नवी करावी लागली. एकाच मनुष्याने इतक्या भाषांवर देखरेख करणे हे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. भाषांतराच्या मेजावर एका क्रियापदासाठी आमची मंडळी दोन दोन दिवस अडून बसलेली मी पाहिली आहे. म्हणून मी कॅरी यांना दोष देण्याचे धाडस करीत नाही. परंतु हाती घेतलेल्या कामांची संख्या वाढली की प्रत्येक कामाची खोली कमी होते, हा नियम त्यांच्यासारख्यालाही चुकला नाही.

याहून दुःखद बाजू त्यांच्या घराची आहे. पत्नी डॉरथी यांना हिंदुस्थानात येण्याची इच्छा नव्हती. तान्हे मूल पदराशी घेऊन, केवळ आग्रहामुळे त्या जहाजावर चढल्या. सन १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर मरण पावला. त्यानंतर लवकरच डॉरथी यांचे मन कायमचे ढळले. सुमारे बारा वर्षे त्या आजारी होत्या. शेजारच्या खोलीत त्यांचा आक्रोश चालू असताना कॅरी भाषांतर करीत बसलेले असत. डिसेंबर १८०७ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या दिवसाचा हिशेब आरंभी सांगितला, त्या दिवशीही त्या हयात होत्या. त्या हिशेबात त्यांच्यासाठी वेगळा असा एकही तास दिसत नाही.

मुलांकडेही दुर्लक्ष झाले. सेरामपूरला पोहोचल्यावर हॅना मार्शमन यांना कॅरींची चारही मुले बेशिस्त आढळली. त्यांना वळण लावण्याचे काम त्या माउलीने आणि विल्यम वॉर्ड यांनी केले. पुढे ती मुले प्रभूच्या सेवेतही आली, ही देवाची कृपा. परंतु बापाने मोकळे सोडलेले काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागले, हे विसरता येत नाही. मीही माझ्या मुलांच्या शाळेचे कितीतरी दिवस मुद्रितांच्या ढिगाआड घालविले आहेत. कॅरींचे चरित्र वाचताना माझी लेखणी याच पानावर थबकते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, अनेक भाषांतील खिळे आणि कित्येक वर्षांची हस्तलिखिते जळाली. त्यांत कॅरींच्या बहुभाषिक कोशाचे साहित्यही होते. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी त्यांना ही बातमी सांगितली. त्यांना रडू आवरेना. परंतु खिळे पाडण्याचे ठसे वाचले होते. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतण्यास लगेच आरंभ झाला आणि काही आठवड्यांतच छपाई सुरू झाली. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालताना पाय अधिक खात्रीने पडतात, अशा विचाराने कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून कामाला लागले. स्वतःच्या ठायी ते एकच गुण मानीत, तो म्हणजे नेटाने चालत राहणे.

मात्र वेळेचा खरा कारभारी वेळापत्रकाचा गुलाम नसतो, हे त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात दाखवून दिले. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी सतीची चाल बंद करणारा कायदा केला. त्याचे बंगाली भाषांतर करण्यासाठी तो कॅरी यांच्याकडे पाठविण्यात आला. तो हाती आला तो दिवस रविवार होता आणि कॅरी उपासनेला जाण्याच्या तयारीत होते. गेली कित्येक वर्षे ते या क्रूर चालीविरुद्ध झगडत होते. भाषांतराला होणाऱ्या उशिराची किंमत कोणा विधवेला प्राण देऊन मोजावी लागेल, हे त्यांनी जाणले. उपदेशाची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर सोपविली आणि पंडिताला बोलावून ते कामास बसले. संध्याकाळपर्यंत भाषांतर पूर्ण झाले.

ज्या मनुष्याने आयुष्यभर उपदेशाची वेळ टाळली नाही, त्याने त्या दिवशी ती सोडली. शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेल्या मेंढराविषयी प्रभूने दिलेली शिकवण त्याला ठाऊक होती. दररोजचा क्रम नेमलेला असणे चांगले. परंतु तो क्रम कोणासाठी आहे हे ओळखून तो मोडता येणे हे अधिक चांगले.

सन १८३२ मध्ये बंगाली शास्त्राची अखेरची सुधारित आवृत्ती हातावेगळी झाली, तेव्हा आपले काम संपले असे त्यांना वाटले. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे त्यांनी प्राण सोडला.

बंधुभगिनींनो, आपल्या दिवसालाही चोवीसच तास आहेत. मंडळीची सभा, तरुण संघ, नोकरी, नातलगांची लग्ने, प्रत्येकाला होकार देताना आपण मनातून कोणाला तरी नकार देत असतो, आणि तो नकार बहुधा घरातल्याच माणसाच्या वाट्याला येतो. कॅरींचे सातत्य आपण घ्यावे, सहकाऱ्यांवर काम सोपविण्याची त्यांची नम्रता घ्यावी, त्या रविवारी दिसलेले त्यांचे तारतम्य घ्यावे. आणि शेजारच्या खोलीतून येणारा आवाज आपल्या कानी पडत असेल, तर आज थोडा वेळ लेखणी खाली ठेवून तिकडे जावे.