समतेच्या कलमाचा आसरा मागणारा शेठ : रामकृष्ण डालमिया

कायद्याच्या कोणत्याही महाविद्यालयात भारतीय संविधानाचे कलम १४ शिकवायला घेतले की एका खटल्याचे नाव हमखास येते. रामकृष्ण डालमिया विरुद्ध न्यायमूर्ती तेंडोलकर, १९५८. विद्यार्थी परीक्षेपुरती त्यातली तत्त्वे पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. हे डालमिया कोण होते, त्यांच्यावर चौकशी का बसली आणि देशातला एक अब्जाधीश शेठ कायद्यापुढील समानतेचा हक्क मागायला सर्वोच्च न्यायालयात का गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. चळवळीतल्या तरुण वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी तरी ते माहीत करून घेतले पाहिजे. कारण शेठजींच्या त्या खटल्यातून पक्के झालेले तत्त्व आज आपल्या वस्तीतल्या माणसाच्या संरक्षणाला उभे आहे.

रामकृष्ण डालमिया यांचा जन्म ७ एप्रिल १८९३ रोजी राजस्थानच्या शेखावाटी भागातील चिरावा या गावी झाला. घर मारवाडी व्यापाऱ्याचे, पण श्रीमंत नव्हे. शालेय शिक्षण जेमतेम. वडिलांच्या पाठोपाठ ते कलकत्त्याला आले आणि तरुणपणीच चांदीच्या सट्ट्यात उतरले. सट्ट्यात बुडाले आणि दिवाळे निघाले. देणेकरी म्हणून बाजारात नाव खराब झाले. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच चांदीने त्यांना पुन्हा वर काढले आणि बघता बघता ते लक्षाधीश झाले. हा माणूस जन्मभर सट्टेबाजच राहिला. पुढे त्यांनी कारखाने काढले, बँक काढली, विमाने उडवली, वर्तमानपत्र घेतले; पण मनातला सट्टा काही सुटला नाही. त्यांच्या चढाचे आणि पडझडीचेही मूळ तेथेच आहे.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. डालमिया बाजारात पाय रोवत होते त्याच सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारा व्यवसाय करून पाहत होते. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. एकीकडे दिवाळे निघालेल्या, शिक्षण नसलेल्या माणसाला जातीच्या आणि नात्यागोत्याच्या पतीवर बाजार पुन्हा उभा करतो. दुसरीकडे जगातल्या नामांकित विद्यापीठाच्या पदवीधराचा सल्लासुद्धा बाजाराला बाटलेला वाटतो. भारतात भांडवल हे केवळ पैशाचे नसते, ते जातीचेही असते. डालमियांच्या कर्तबगारीचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

कर्तबगारी मात्र होती, ती नाकारण्याचे कारण नाही. १९३३ साली बिहारमध्ये सोन नदीकाठी डेहरी येथे रोहतास इंडस्ट्रीजची स्थापना झाली. साखर, सिमेंट, कागद असे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि डालमियानगर नावाचे शहरच वसले. धाकटे बंधू जयदयाल आणि जावई शांतिप्रसाद जैन यांची त्यांना साथ होती. १९३६ साली देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही बलाढ्य कंपनी बनली आणि बाजारावर तिची मक्तेदारी आली. इतर कोणी तिच्या वाटेला जाण्यास धजावत नव्हते. डालमियांनी देशाच्या चारी दिशांना सिमेंटचे कारखाने काढून तिच्याशी भावयुद्ध पुकारले. अखेर १९४१ मध्ये दोन्ही बाजूंना विक्रीसाठी तडजोड करावी लागली.

जेथे कारखाना तेथे शेठजींचे नाव. तमिळ भूमीतल्या कल्लकुडी गावाजवळ सिमेंटचा कारखाना निघाला आणि रेल्वे स्टेशनवर डालमियापुरम अशी पाटी लागली. १९५३ साली द्रविड चळवळीने या पाटीविरुद्ध आंदोलन पुकारले. तरुण करुणानिधी रुळांवर आडवे झाले आणि तुरुंगात गेले. एका गावाचे नाव परत मिळवण्याच्या त्या लढ्यातून पुढे तमिळनाडूचा मुख्यमंत्री घडला. स्वतःच्या नावाचा असा सोस असलेला शेठ आणि स्वाभिमानी बहुजन समाज यांची गाठ पडली की काय होते, ते तेथे दिसले.

डालमियांचे राहणेही त्यांच्या सट्ट्यासारखेच बेफाम होते. त्यांनी सहा लग्ने केली आणि एकाहून अधिक पत्नी एकाच वेळी संसारात होत्या. शेवटची पत्नी दिनेशनंदिनी या हिंदीतल्या नामवंत लेखिका. त्या घरातल्या स्त्रियांची घुसमट त्यांच्याच एका कन्येने, नीलिमा डालमिया अधार यांनी, २००३ साली इंग्रजी पुस्तक लिहून जगापुढे मांडली. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलातून हिंदू पुरुषाला एकपत्नीत्वाचे बंधन घालायचे ठरवले तेव्हा केवढा गहजब झाला, हे वाचकांना ठाऊकच आहे. बिल लटकवले गेले म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते बंधन कायद्यात यायला १९५५ साल उजाडले. तोवर डालमियांचा संसार पूर्णपणे कायदेशीर होता. कायद्याने कोणाचे रक्षण चालवले होते, हे यावरून समजावे.

दिल्लीत त्यांचा दबदबा मोठा. काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी ऊठबस आणि बॅरिस्टर जिनांशीही मैत्री. फाळणीच्या वेळी जिना दिल्ली सोडून निघाले तेव्हा त्यांचा औरंगजेब रोडवरचा प्रसिद्ध बंगला डालमियांनी विकत घेतला आणि पुढे तेथूनच गोहत्याबंदीची चळवळ चालवली. नेहरूंशी त्यांचे कधी जमले नाही. १९४६ साली त्यांनी बेनेट कोलमन ही कंपनी, म्हणजे टाइम्स ऑफ इंडिया हे वर्तमानपत्र, इंग्रज मालकांकडून घेतले. विमान कंपनी होती, भारत बँक होती. ही बँक १९५१ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या पोटात गेली. १९४८ साली घराण्यात वाटण्या झाल्या. भाऊ आणि जावई आपापले कारखाने घेऊन बाजूला झाले, आणि रामकृष्ण डालमियांच्या हाती जे राहिले त्यात भारत इन्शुरन्स ही आयुर्विमा कंपनी होती.

ही कंपनी १८९६ साली लाहोरात स्वदेशीच्या भावनेने निघालेली. १९३६ मध्ये ती डालमियांनी घेतली. विमा कंपनी म्हणजे काय? शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढतो. आपण गेल्यावर बायकामुलांना कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये, एवढीच त्याची इच्छा. अशा हजारोंच्या हप्त्यांचा तो साठा असतो. मालक त्याचा विश्वस्त असतो, धनी नव्हे.

आणि नेमका हाच साठा सट्ट्यात गेला. डालमियांच्याच भारत युनियन एजन्सीज या कंपनीने शेअर बाजारात मोठे सौदे केले आणि तोटा खाल्ला. १९५४-५५ या काळात तो तोटा भरायला विमा कंपनीच्या मुंबईच्या बँक खात्यातून पैसे निघत गेले. कागदोपत्री दाखवले जाई की विमा कंपनीने सरकारी रोखे खरेदी केले आहेत. प्रत्यक्षात रोखे आलेच नव्हते. पैसा मात्र फिरून दलालांच्या हाती पोचला होता. रक्कम दोन कोटींच्या वर होती. त्या काळातले दोन कोटी!

डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत फिरोज गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई; पण त्यांनी पुरावे मांडून विमा कंपन्यांचा कारभार चव्हाट्यावर आणला. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या आणि सोसायट्यांचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले.

आपल्या वाचकांनी येथे नऊ वर्षे मागे गेले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात मांडले होते की विमा हा राज्याचाच एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या कमाईच्या प्रमाणात विमा उतरवला जावा. लोकांची पुंजी खाजगी शेठजींच्या हाती सुरक्षित नाही आणि देशाच्या उभारणीला भांडवल हवे, हे दोन्ही त्यांनी त्यात हेरले होते. तेव्हा ती योजना कोणी मनावर घेतली नाही. घेतली असती तर डालमियांच्या विमेदारांवर ही वेळ आली नसती. द्रष्टेपण म्हणतात ते हेच.

विमेदारांचे पैसे भरून देण्यासाठी डालमियांना टाइम्स जावयाच्या हवाली करावा लागला. तरीही फौजदारी खटला सुटला नाही. त्यांनी इंग्लंडहून सर डिंगल फूट हे नामांकित बॅरिस्टर आणले. विश्वासघाताच्या कलमात बँकेतली रक्कम मालमत्ता ठरते काय, असा बारीक मुद्दाही लढवला गेला. ५ एप्रिल १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता या शब्दाचा अर्थ व्यापक आहे असे सांगून शिक्षा कायम केली. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक दोन वर्षांच्या कैदेसाठी तिहारला गेला.

पण चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा खटला दुसराच. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला पाच दिवस झाले होते. ११ डिसेंबर १९५६ रोजी केंद्र सरकारने डालमिया-जैन गटाच्या नऊ कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्यात मुंबईतल्या शापूरजी भरुचा आणि माधवजी धरमसी या दोन कापड गिरण्याही होत्या. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर. डालमिया कोर्टात गेले. इतके उद्योगपती असताना आम्हालाच का वेगळे काढले, हा कलम १४ चा भंग आहे, असा त्यांचा दावा होता. ज्या कलमासाठी कोट्यवधी अस्पृश्यांच्या पिढ्यांनी वाट पाहिली, ते वापरायला शेठजी असे तत्परतेने पुढे आले.

२८ मार्च १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या घटनापीठाने निकाल दिला. समानता म्हणजे सर्वांना एकाच काठीने हाकणे नव्हे. वर्गीकरण करता येते. मात्र वेगळ्या काढलेल्यांमध्ये आणि बाकीच्यांमध्ये समजण्याजोगा फरक हवा आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. परिस्थिती तशीच असेल तर एकटा माणूससुद्धा स्वतंत्र वर्ग ठरू शकतो. आयोगाच्या कार्यकक्षेतला शिक्षेविषयीचा भाग न्यायालयाने काढून टाकला, म्हणजे डालमियांना जेवढा न्याय देय होता तेवढा दिला. पण चौकशी थांबवली नाही. त्याच वर्षी तेंडोलकर वारले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले विवियन बोस अध्यक्ष झाले. १९६२ च्या त्यांच्या अहवालाने कंपन्यांचा पैसा भागधारकांच्या डोळ्यांआड कसा फिरवला जातो हे उघडे केले आणि पुढे कंपनी कायद्यात सुधारणा कराव्या लागल्या. डालमिया १९७८ साली वारले. जैनांकडे गेलेला डालमियानगरचा कारखाना १९८४ मध्ये बंद पडला आणि हजारो कामगार रस्त्यावर आले.

आता या तत्त्वाचा पुढचा प्रवास पाहा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला तेव्हा आरोपीला अटकपूर्व जामीन नाकारणारे कलम १८ समतेच्या विरुद्ध आहे, अशी ओरड झाली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते रद्दही केले. १९९५ साली रामकृष्ण बलोठिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. अस्पृश्यतेतून जन्मणारे गुन्हे हा स्वतंत्र वर्ग आहे, त्यांची तुलना इतर गुन्ह्यांशी होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. एका रामकृष्णाच्या खटल्यात धनदांडग्याला जे ऐकवले, तेच तत्त्व दुसऱ्या रामकृष्णाच्या खटल्यात पीडितांच्या कामी आले. २०१८ मध्ये हा कायदा निकालाने पातळ झाला, समाज २ एप्रिलला रस्त्यावर उतरला, संसदेला कलम १८ अ आणावे लागले आणि २०२० मध्ये तेही टिकले.

बलवानाने समतेचा आसरा मागितला की तो बहुधा आपली मोकळीक वाचवण्यासाठी असतो. दुर्बलाला समता हवी असते ती जगण्यासाठी. हा फरक न्यायालयात ठासून मांडणे हे आपल्या वकिलांचे काम आहे. आणि कार्यकर्त्यांचेही एक काम आहे. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे समभाग शेअर बाजारात आले. लोकांची पुंजी सट्ट्याच्या पेढीवरून उचलून राज्याच्या तिजोरीत का न्यावी लागली, हे विसरलेल्या पिढीला डालमियांची गोष्ट सांगितली पाहिजे. हप्ता भरणारा आपलाच माणूस आहे.