आट्यांना शिस्त लावणारा व्हिटवर्थ

माळ्यावर पडलेली आजोबांची इंग्लिश बनावटीची रॅले सायकल कुणी हौसेने दुरुस्तीला काढतो. पायडल मारताना मधून करकर आवाज येत असतो. दोन्ही पायडलांना जोडणारी धुरा ज्या नळीत फिरते तो भाग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, झिजलेला असतो. दुकानातून नवा कप आणला जातो. तो दोन-तीन फेरे हाताने सहज फिरतो आणि मग अडतो. गंज असेल असे वाटून मोठा पाना लावला जातो, जोर दिला जातो, आणि चरचरत फ्रेमचे आटे कापले जातात. कप बदलता येतो, पण फ्रेमचे आटे गेले की काम हाताबाहेर जाते.

दोष गंजाचा नसतो. आजच्या इंग्लिश पद्धतीच्या कपाला इंचाला 24 आटे असतात, जुन्या रॅलेच्या फ्रेमला 26. व्यासातला फरक जेमतेम 0.13 मिलिमीटर, म्हणून सुरुवात फसवी सोपी होते. पाव इंच आत जाईपर्यंत एकीकडे सहा आटे झालेले असतात आणि दुसरीकडे साडेसहा. आट्याचा उंचवटा नेमका समोरच्या उंचवट्यावर येतो. पुढे जायला जागाच नसते.

अशा न जुळणाऱ्या आट्यांचा निकाल लावण्यासाठी ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षे घातली, तो जोसेफ व्हिटवर्थ 21 डिसेंबर 1803 रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी जन्मला. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. चौदाव्या वर्षी त्याला काकाच्या सूतगिरणीत कामाला लावले. व्यवसाय शिकून पुढे भागीदार व्हावे, ही घरच्यांची इच्छा. पोराचे लक्ष मात्र सुतात नव्हते, यंत्रांत होते. काही वर्षांनी त्याने गिरणी सोडली, मँचेस्टरच्या कारखान्यांत मेकॅनिक म्हणून हात बसवला आणि 1825 मध्ये लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यात दाखल झाला. नंतर त्याने जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणकयंत्राचे भाग तिथे बनत होते.

लंडनमध्ये त्याने हाती घेतलेला प्रश्न ऐकायला अगदी साधा होता. लोखंडाचा पत्रा खरोखर सपाट आहे हे ओळखायचे कसे? दोन पत्रे एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना तंतोतंत बसतात, पण एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असू शकतो. व्हिटवर्थने तीन पत्रे घेतले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पुन्हा पहिल्याशी, असे रंग लावून ताडून पाहायचे आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा हत्याराने खरवडायचा. तिघेही एकमेकांना बसले तर तिघांनाही सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. अचूक मापाची यंत्रे या सपाट पायावर उभी राहिली.

1833 मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कुणी इंचाला अकरा पाडी, कुणी बारा, कोनही मनाला येईल तो. नट आणि बोल्ट यांची जणू लग्ने लागलेली असत. जोडीतला एक हरवला की दुसरा भंगारात. इंजिन बिघडले की ते ज्याने बनवले त्याच्याच दारात जावे लागे.

व्हिटवर्थने स्वतःचा एखादा आदर्श आटा काढून लोकांवर लादला नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा शहाणपणा तिथेच दिसतो. देशभरातल्या कारखान्यांतून त्याने बोल्ट जमवले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याचा कोन 55 अंश ठरला. पाव इंची बोल्टला इंचाला 20 आटे, अर्ध्या इंचीला 12, एक इंचीला 8. हा प्रस्ताव त्याने 1841 मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडला. तो कुणालाच फार परका वाटला नाही. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि बाकीचे मागून आले. आपल्याकडेही इंग्रजी यंत्रांबरोबर हेच आटे आले. हार्डवेअरच्या दुकानात दोन सुती बोल्ट मागणारा माणूस आजही पाव इंचच मागत असतो.

1851 च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारे यंत्र ठेवले. त्याच्या पोटातही स्क्रूच होता. इंचाला 20 आटे, त्यावर 200 दातांचे चाक आणि त्याला फिरवणाऱ्या चकतीवर 250 खुणा. गुणाकार करून पाहा. मापाच्या बाबतीत त्याचा डोळ्यापेक्षा स्पर्शावर भरवसा अधिक होता.

पुढे तो बंदुकांकडे वळला. षटकोनी नळीची त्याची रायफल 1857 च्या चाचण्यांत सैन्याच्या एनफिल्डपेक्षा कितीतरी सरस ठरली. 1860 मध्ये विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने तीच रायफल झाडून 400 यार्डांवरचे निशाण मध्याजवळ टिपले. तरीही ब्रिटिश सैन्याने ती नाकारली. महाग होती आणि नळीत काजळी लवकर धरे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी मात्र ती वापरली. अचूकतेचा हा उपयोग मन प्रसन्न करणारा नाही, पण तो त्याच्या चरित्रातून वगळताही येत नाही.

कमाई अफाट झाली. मूलबाळ नव्हते. तरुण तंत्रज्ञांच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्याने 1868 मध्ये मोठी रक्कम दिली. प्रकृतीला आराम पडावा म्हणून माँटे कार्लोला गेला असताना 22 जानेवारी 1887 रोजी तो तिथेच वारला. त्याच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन झाले आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी रुग्णालयही. आज ख्रिस्टी नावाने ओळखले जाणारे हे रुग्णालय युरोपातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांपैकी एक आहे.

त्याच्या मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, 1885 मध्ये, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल बाजारात आली होती. सायकलच्या पातळ नळीला व्हिटवर्थचे जाड आटे चालण्यासारखे नव्हते. तेवढा खोल आटा पाडला तर नळीच कापली जाईल. म्हणून सायकलवाल्यांनी बारीक आट्यांचे आपले वेगळे माप ठरवले. त्यातही इटलीचे वेगळे, फ्रान्सचे वेगळे, आणि खुद्द इंग्लंडात रॅलेचे 26. त्यात भर म्हणून इंग्लिश पद्धतीत साखळीकडच्या कपाचे आटे उलटे, म्हणजे तो घट्ट करायला डावीकडे फिरवायचा.

जाणता कारागीर म्हणून आधी जुना कप पुसून स्वच्छ करतो, पिच गेजची दातेरी पाती त्याच्या आट्यांवर टेकवतो आणि मागून उजेड धरतो. पातीखालून उजेड डोकावला तर ते माप नव्हे. 24 ची पाती बसत नाही, 26 ची बसते. मग तो भंगारवाल्यांकडे 26 चा जुना कप शोधतो, नाहीतर आट्यांशिवाय नळीत आवळून बसणारा बॉटम ब्रॅकेट मागवतो. कप मिळालाच तर फ्रेमचे आटे साफ करून, तेलाचे बोट लावून तो कप हातानेच फिरवू लागतो. निदान पहिले पाच-सहा फेरे तरी पान्याला हात लावत नाही.